पेल्यांची ट्रंक

बाई, गेल्या महिन्यात तुमची ट्रंक उघडली. हिरव्या पत्र्याची, झाकणावर शाळेचं नाव आणि त्याखाली तुमच्या अक्षरात ‘मुलांचे पेले’. शाळेच्या प्रयोगशाळेच्या माळ्यावर ती तीस वर्षं पडून होती. किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून कुलूप तोडावं लागलं. आत प्रत्येक पेला वर्तमानपत्रात वेगळा गुंडाळलेला, एकही दुसऱ्यात घातलेला नाही, कारण एकात एक घातले की ते अडकतात आणि मग पोरी ते फरशीवर आपटून सोडवतात, हे तुम्हाला माहीत होतं. त्या पोरींची मी पुढारी. दहावीतली, दोन वेण्यांची, प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी. तुम्ही पेल्यांची जबाबदारी माझ्याकडे दिलीत आणि त्या वर्षी मी गावातून अशी चालायचे की जणू अख्खी ग्रामपंचायत माझ्या ताब्यात आहे. तुम्ही जाऊन आता चौदा वर्षं झाली. मला कळलं तेही सहा महिन्यांनी, बोईसरच्या बाजारात, हातात कोथिंबिरीची जुडी असताना, एका वर्गमैत्रिणीकडून. तुमचं घर पालघरला आणि माझं सरावलीला. इतक्या जवळ राहून मी तुम्हाला एकदाही भेटायला आले नाही, आणि का येत नव्हते ते मला चांगलं ठाऊक होतं.

आज कोणाला सांगितलं तर पटणार नाही, पण ही ट्रंक सुरू झाली ती बाकांवर टेकलेल्या डोक्यांमुळे. गावात कोणाकडे हळद झाली की दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला नववीतली निम्मी मुलं बाकावर डोकं ठेवून पडलेली असायची. बाकीचे सर म्हणायचे, लग्नघरचं जागरण आहे, जाऊ द्या. तुम्ही मात्र एकेकाच्या बाकापाशी जाऊन उभ्या राहायचात, काही न बोलता, आणि पुन्हा फळ्याकडे वळायचात. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही आमच्या आळीत आलात. तुम्ही घाटावरच्या, बोलणं स्वच्छ, साडी चापूनचोपून नेसलेली. तुम्हाला बघून आमच्याकडे खुर्ची शोधायची धावपळ झाली. तुम्ही खुर्ची बाजूला सारलीत आणि ओटीवर आईजवळ चिकू निवडायला बसलात. तुम्हाला धड निवडता येत नव्हतं, कच्चे आणि पिकले एकाच टोपलीत टाकत होतात, आणि आई तुमची नजर चुकवून ते परत वेगळे करत होती. तुम्ही विचारलंत, “हळदीच्या दिवशी मुलांच्या हातात दारू कोण देतं?” आई चिकू चाळत राहिली. शेजारच्या काकू शेवटी बोलल्या, “कोन म्हंजे काय, बाई? बापूस देतो, नायतर काका देतो. पोरगा मोठा झाला ना. पुरुषांना आमी काय सांगनार?” तुम्ही म्हणालात, “पुरुषांचं आत्ता राहू द्या. आपण फक्त मुलांचं बघू.” त्यावर आईने हातातला चिकू पुसून खाली ठेवला आणि म्हणाली, “पोरांचा आसंल तर आमी हाय.” आमच्या आईला कुठल्या बैठकीत बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तिचं ते एक वाक्य मी त्या दिवशी ऐकलं.

मग तुम्ही दारोदार फिरून प्रत्येक घरातून एक स्टीलचा पेला मागून घेतलात. आमच्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात, तशी ती पेल्यांवरही होती. कुणाच्या आजोबांचं, कुणाच्या आईचं, लग्नात आलेल्या भांड्यांवर तर माहेरचंही. तुम्ही बोईसरच्या भांड्यांच्या दुकानातून त्या प्रत्येक नावाखाली ‘शाळा’ असं कोरून आणलंत. नियम सोपा होता. मोठी माणसं मांडवामागे पांढऱ्या प्लास्टिकच्या पेल्यातून काय प्यायची ती पितील. मुलं मात्र मांडवात कोकमाचं सरबत पितील, तेही फक्त स्टीलच्या पेल्यातून, आणि ज्याने त्याने आपल्या घरचा पेला घ्यायचा. म्हणजे ज्या मुलाच्या हातात पांढरं प्लास्टिक दिसेल तो दुरूनही ओळखू येईल, आणि ज्याच्या हातात स्टील आहे त्याच्या ओठाला घरातल्या माणसाचं नाव लागेल. ट्रंक रिक्षात घालून मांडवात न्यायची, पेले वाटायचे, गोळा करायचे आणि सगळे परत आले का ते बघायचं, हे काम नववी-दहावीच्या मुलींचं. आम्ही दोन मोसम ते केलं. पुरुषांनी पहिल्यांदा चेष्टा केली, “काय गं, तुमची दूधपित्या पोरांची ट्रंक आली का?” पण बायका हटल्या नाहीत. वर्षभरात नववीची डोकी बाकावरून उठली. एकदा तुम्ही तास सुरू करण्याआधी सगळ्या वर्गावरून नजर फिरवलीत आणि नुसत्या हसलात. तेवढं हसू मी अजून जपून ठेवलंय, आणि त्यावर माझा काही हक्क नाही हेही मला कळतं.

तुमचं एक रागावणं आठवतं. पाणी तापत असताना दर दोन मिनिटांनी तापमान लिहायचं होतं. मी मैत्रिणीशी गप्पा मारत बसले आणि नंतर आकडे मनाने भरले, छान चढत्या क्रमाने. तुम्ही वही बघितलीत, ती माझ्यासमोर ठेवलीत आणि आवाज न चढवता म्हणालात, “जे दिसलं ते लिही. जे दिसायला हवं होतं ते लिहू नकोस. एवढी हुशार मुलगी तू, तुला खोटं लिहायची गरज काय पडली?” मला सगळ्या वर्गासमोर रडू आलं. बाई, आज मी तारापूरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर पिंपातून नमुने येतात आणि त्यात काय मिसळलंय ते मी शोधते. माल अडकतो, वरून फोन येतात, “मॅडम, थोडं ॲडजस्ट करा ना.” मी एकदाही केलेलं नाही. खडूस म्हणून माझी ख्याती आहे. लोक म्हणतात, ही बाई कोणाचं ऐकत नाही. मी तुमचं ऐकते. फक्त जिथे ऐकायचं होतं तिथे ऐकलं नाही.

आता त्या दिवसाकडे येते. माझ्या मोठ्या भावाची हळद. एप्रिलचा शेवट, आमची दहावीची परीक्षा नुकतीच झालेली, ऊन असं की मांडवाखालचं शेणही भेगाळलेलं. तुम्ही सकाळी येऊन आईला हळद लावून गेलात, मला ट्रंकेपाशी बघून म्हणालात, “आज तुझ्याच घरचं कार्य, आज जास्त लक्ष.” पाहुणे धरल्यापेक्षा दुप्पट आले. चारच्या सुमाराला कोकमाचं सरबत संपतं, पिंप तिरकं करूनही काही येत नाही, आणि तीसचाळीस मुलं आपापले पेले घेऊन माझ्यापुढे उभी आहेत. मी बाबांकडे धावते. बाबा नियमाला जागणारे होते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. बाटल्या सगळ्या गोठ्यामागे होत्या आणि एकही पोर तिकडे फिरकणार नाही याची त्यांनी स्वतः काळजी घेतली होती. पण आमच्या वाडीच्या बांधावर ताडाची तीन झाडं, आणि सकाळी उतरवलेली ताडी दोन मडक्यांत पडवीत थंडाव्याला ठेवलेली. बाबा म्हणाले, “ताडी दे ना पोरांना. ती काय दारू हाय? झाडाचा रस हाय. पोटाला थंड.” त्यांनी तसं मनापासून म्हटलं. आमच्याकडे सगळेच तसं म्हणायचे. बाटलीतली ती दारू. आपल्या झाडाची ती ताडी. गोड ताडी सकाळी आजी लहानपणी आम्हाला वाटीने द्यायची. सकाळी गोड असलेली ताडी एप्रिलच्या उन्हात चार वाजता काय होते, ते मला आज विचारा, मी पानभर लिहून देईन. तेव्हाही नाकाला कळलं होतं. आंबूस, उग्र वास होता. बाबांनी मडकं पिंपात ओतलं, पेले भरले गेले. स्टीलच्या पेल्यात काय आहे ते लांबून कुणालाच दिसत नाही, हे तुमच्याही ध्यानात आलं नव्हतं, बाई. बायका लांबून बघत होत्या आणि निश्चिंत होत्या, मुलांच्या हातात स्टील आहे.

आमच्या शेजारचा एक मुलगा होता, आठवीतला. वर्गाच्या संघात चेंडू टाकायचा, बारीक, काळा, सदा पळत असलेला. संध्याकाळ व्हायच्या आत तो सायकल घेऊन खाडीकडच्या खाजणाच्या बांधावरून निघाला आणि सायकलसकट मोरीच्या दगडांवर पडला. उजवा हात कोपरात मोडला. त्याला बोईसरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि त्याच्या बापाला विचारलं, “पोराला काय पाजलंत?” इकडे मांडवात मुलं जिथे तिथे आडवी झाली होती. कोणी ओकत होतं, कोणी हसत होतं. आणि मी पेले गोळा करून, विसळून, ट्रंकेत भरत होते. एक कमी होता. त्या मुलाच्या घरचा. तुम्ही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विचारलंत, “सगळे आले?” मी म्हटलं, “हो बाई.” मग तुम्ही मला प्रयोगशाळेत घेऊन गेलात, दार लोटलंत आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलंत, “सरबत संपल्यावर पेल्यांत काय दिलं?” समोरच्या कपाटातल्या काचेत मला माझा चेहरा दिसत होता, हातावर हळद अजून पिवळी होती. घरात नवी वहिनी आली होती. बाबा ओटीवर डोकं धरून बसले होते. मी म्हटलं, “सरबत संपलंच नव्हतं, बाई. सरबतच दिलं.” तुम्ही माझ्या खांद्यावरचा हात काढलात आणि म्हणालात, “बरं.”

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. आम्ही मुली खिडकीतून बघत होतो. त्या मुलाचा बापूस आला आणि त्याने पिशवीतून एक पेला काढून टेबलावर असा आपटला की त्याचा काठ चेपला. न धुतलेला पेला, त्याच्याच वडिलांचं नाव, खाली ‘शाळा’. “घ्या वास. तुमच्या शालेच्या पेल्यातना माझा पोरगा प्यायला.” सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात, “पेल्यांवर माझी मुलगी होती. तिने मला सांगितलंय की सरबतच दिलं. ती खोटं बोलत नाही.” पेला तुमच्यासमोर टेबलावर होता, वास सगळ्यांना येत होता, तुम्हालाही येत असणार. तरी तुम्ही तेच म्हणालात. कोणीतरी हसलं. मग एकजण म्हणाला, शाळेने शिकवावं, लोकांच्या मांडवात कशाला शिरावं. आणि बाकीच्यांना तेच हवं होतं. गोठ्यामागे पिणाऱ्यांना तर फारच हवं होतं. माझे बाबा त्या बैठकीत मागच्या बाकावर होते. ते उठतील असं मला वाटत होतं, आणि ते उठू नयेत असंही वाटत होतं. ते उठले नाहीत. ट्रंकेला कुलूप लागलं. जूनमध्ये तुम्ही मनोरकडच्या शाळेत गेलात, रोज दोन एसट्या बदलून. जाताना मला एक पुठ्ठ्याची नळी दिलीत, आत प्रयोगशाळेतला तापमापक, तुमच्या पैशाने घेतलेला. म्हणालात, “नीट वाचत जा.” तुम्हाला माहीत होतं का, बाई? यावर मी किती विचार केलाय. माहीत असून दिला असेल तर एक, माहीत नसून दिला असेल तर दुसरं. दोन्हींत मला तोंड लपवायला जागा नाही. तो अजून माझ्या कपाटात नळीतच आहे.

आता इकडचं सांगते. माझी मुलगी अकरावीत आहे, सोळा वर्षांची. सरावलीत आमच्या गल्लीत कारखान्यांत काम करणारी माणसं राहतात, कोणी खानदेशातली, कोणी साताऱ्याकडची, माझा नवराही तिकडचाच. दिवाळीनंतर एका दुपारी आमच्या इमारतीच्या वॉचमनने मला जिन्यात थांबवलं आणि गच्चीवर सापडलेली मुलांची पाण्याची बाटली पुढे केली. स्टीलची. “दीदी, ज़रा सूँघ के देखिए. बच्चा लोग का है.” मी झाकण उघडलं आणि मला मांडव आठवला. ती बाटली माझ्या मुलीची नव्हती, पण मी घरी जाऊन आधी तिची बाटली हुंगली, चोरासारखी, ती अंघोळीला गेली असताना. तेव्हापासून गल्लीतल्या आम्ही बायका एकत्र आलो. दुकानदारांना भेटलो, अठराच्या खालच्यांना द्यायची नाही म्हणून बजावलं, गच्चीला कुलूप घातलं, मुलांना संध्याकाळी खेळायला मैदान मिळावं म्हणून अर्ज केला. मी त्यात पुढे होते. पुढे पुढे करण्याची सवय जाते थोडीच. तेवढ्यात माहेरून वहिनीचा फोन आला. तीच नवी वहिनी, आता गावच्या बचत गटाची अध्यक्ष. “वन्स, गावात पोरं लय बिघडल्यात. लग्नाचा सीझन आलाय, आपल्या पोराची हळद पन हाय. आमी बाईंचे पेले परत काढतोय. तुमी सांभालत होता ना तवा? मीटिंगला या.”

म्हणून मी गेले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ट्रंक उघडली. ती माळ्यावरून उतरवायला टेम्पोवाला आला होता. उजवा हात कोपरात वाकडा. तोच तो. आता त्याची मुलगी नववीत आहे. वर्तमानपत्रं सोडवता सोडवता चेपलेल्या काठाचा पेला निघाला. तुम्ही तोही धुऊन, नीट गुंडाळून ठेवला होता. त्याने तो हातात घेऊन आजोबांचं नाव वाचलं आणि आपल्या मुलीला दाखवलं. मग बैठक सुरू झाली. एक तरुण सदस्य म्हणाला, “पन हे पहिल्यांदा बंद का पडलं? म्हनतात, बाईंचं लक्ष नव्हतं.” बाई, तिथे वीसेक बायका होत्या, माझा भाऊ होता, आणि खरं काय ते मी सांगायला हवं होतं. मी पेल्यांकडे बघत बसले. बोलला तो टेम्पोवाला. “बाईंचं लक्ष नव्हतं आसं नाय. पेल्यांचा दोष नाय. पेला भरला कोनी, ते इचारा.” भाऊ म्हणाला, “जुनं कशाला उकरायचं? बाबा गेले, बाई गेल्या.” आणि मग मी तोंड उघडलं. मी म्हटलं, “या वेळी पेले स्टीलचे नकोत. काचेचे घ्या. आत काय आहे ते दिसलं पाहिजे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी म्हणाली, “ह्या शिकल्या-सवरल्या म्हनून सुचलं. आमच्या डोक्यातच नाय आलं.” तिने मला नारळ दिला. तो नारळ मांडीवर घेऊन मी रिक्षाने घरी आले आणि दारात चपला काढताना मला स्वतःची किळस आली. उत्तर सांगितलं आणि ते मला कसं कळलं ते गिळून टाकलं.

हळद या रविवारी झाली. काचेचे पेले आले, कोकमाचं सरबत आलं, दारात बचत गटाच्या दोन बायका बसल्या. सगळं झकास चाललं होतं. दुपारी भाऊ पडवीतून ताडीचा जग घेऊन आला आणि उघड, मांडवाच्या मध्यावर, मुलांच्या पेल्यांत ओतायला लागला. लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं. काचेत सगळं दिसत होतं, पांढरट, ताकासारखं, आणि कोणालाच काही खटकलं नाही. माझ्या मुलीच्या हातात पेला होता. मी जवळ गेले आणि तो काढून घेतला. “हे आंबलंय. पोट बिघडेल तुझं.” एवढंच म्हटलं, बाई. पोट बिघडेल. भाऊ हसला. “आगं, झाडाची हाय. माझ्या हळदीला बाबांनी सगल्या पोरांना पाजली, काय झालं कोनाला?”  बर्फाची पाटी घेऊन टेम्पोवाला मागे उभा होता. त्याने पाटी खाली ठेवली आणि वाकडा हात पुढे केला, जेवढा सरळ होतो तेवढा. “मला झालं ना, दादा.” राग नव्हता त्याच्या आवाजात.  भावाने त्या हाताकडे असं बघितलं, की जणू तीस वर्षांत आजच तो दिसला. मग वहिनी उठली, तिने भावाच्या हातातून जग घेतला आणि केळीच्या बुंध्याशी ओतून टाकला. एकेक मूल येऊन आपला पेला तिथेच रिकामा करून गेलं. जे मी बोलायचं ते तो बोलला, आणि जे आईने सुरू केलं होतं ते वहिनीने पुरं केलं. मी नुसता एक पेला धरून उभी होते.

परत येताना उमरोळीच्या रेल्वे फाटकात रिक्षा थांबली तेव्हा मुलीने विचारलं, “आई, तू तेव्हा तिथेच होतीस ना? त्या काकांना ताडी कोणी दिली होती?” मी म्हटलं, “आजोबांनी.” ती म्हणाली, “बिच्चारे आजोबा. त्यांना माहीतच नसेल.” फाटक उघडलं, रिक्षा निघाली आणि मी रिक्षावाल्याला पुढचं वळण दाखवलं.

बाबांनी मडकं पिंपात ओतलं, ते खरं आहे. तेवढंच त्यांचं काम. पेले भरले मी. ताट माझ्या हातात होतं. आणि बाई, तो मुलगा लगेच प्यायला नाही. त्याने पेला नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाला, “ताई, वास येतो याला. बाईंना चालंल का?” त्या अख्ख्या मांडवात तुमची आठवण झालेला तो एकटाच होता. मी त्याला म्हटलं, “चालेल रे. पेल्यांवर मी आहे ना? पी.” तो माझ्यावर विश्वास ठेवून प्यायला आणि त्याने पेला पुन्हा पुढे केला. मीच तो भरला.

हे मी तुम्हाला आधी लिहिलं, कारण तुमच्याकडून उत्तर यायचं नाही. सांगायचं खरं त्याला. तो रोज सकाळी टेम्पोतून भाजी घेऊन सरावलीच्या नाक्यावरून जातो, मी कंपनीच्या बससाठी उभी असते, आणि मला बघितलं की तो डाव्या हाताने हॉर्न वाजवतो. उद्याही वाजवील, आणि मी बहुतेक नुसता हात हलवीन.